अर्ध्या भाकरीची माया

आमच्या ढाब्यावरून कुणी उपाशी उठलं, असं ताम्हिणीच्या रस्त्यावर कुणीही सांगणार नाही. चार बाकडी, वर पत्रा, पत्र्यावर निळं प्लास्टिक, एवढंच आमचं वैभव. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी चिंब भिजून, कुडकुडत येतात आणि पिठलं-भाकरी मागतात. माझ्या सासूबाई चुलीशी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापतात आणि एक डोळा ताटांवर ठेवतात. दुसऱ्या भाकरीला कुणी नको म्हटलं, तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. "आरं खा की, पावसात भूक लागती," म्हणत त्या वाढतातच. डाएट करणाऱ्या मुलींनीसुद्धा त्यांच्यापुढे हात टेकलेले मी पाहिले आहेत.

आणि याच बाई, मला सातवा महिना लागला तेव्हा, माझ्या ताटातली भाकरी मोडून अर्धी परत टोपलीत ठेवायला लागल्या.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गिऱ्हाईक वाढलं असेल, भाकऱ्या कमी पडत असतील. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी भाकरी अर्धीच. मी टोपलीकडे हात नेला तर आत्याबाईंनी, सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते, टोपली उचलून फळीवर ठेवली. पोटात पोराला जागा पाहिजे, म्हणाल्या, तूच सगळी भरून टाकलीस तर त्यानं कुठं बसायचं. रात्री तर भाकरी बंदच. पातळ पेज आणि चमचाभर लोणचं.

मी मूळची पुण्याजवळच्या भुकूमची. तिकडे आता शेतं कमी आणि इमारती जास्त. माझ्या वडिलांनीही जमिनीच्या तुकड्यावर खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. लग्नाआधी मी एका बिल्डरच्या ऑफिसात बसायचे आणि लोकांना सॅम्पल फ्लॅट दाखवायचे. तिथल्या टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं मांडलेली असायची. सासरी भुकेनं जीव कासावीस झाला की मला ती सफरचंदंसुद्धा आठवायची, यावरून काय ते समजा. अख्ख्या पुण्याला जेवू घालणाऱ्या घरात मी उपाशी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझा स्वभाव मुळातच तिखट, त्यात भूक. मनातल्या मनात मी सासूला इतकी नावं ठेवली की मोजायला बसले तर बाळंतपण उरकून जाईल.

खरं तर मी तेव्हा माहेरी असायला हवं होतं. पण आई नेमकी सातव्यात टायफॉइडनं आडवी झाली, आणि आमच्याकडे आठव्या महिन्यात पोटुशीला घराबाहेर नेत नाहीत. आठव्यात पाऊल हललं तर धोका, असं सगळ्या आयाबाया सांगतात. म्हणजे थेट नववा लागेपर्यंत मी अडकले. फोनवर मी आईजवळ रडायचे, आई तिकडे चिडायची, आणि मग ताप उतरलेला असूनही तिचं डोकं तापायचं.

घरात आम्ही तिघंच. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. नवरा उरवड्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, रोज मोटारसायकलवर जातो-येतो. अंगानं इतका सडपातळ की रेनकोट घातला की रेनकोटच गाडीवरून चाललाय असं वाटतं. पण त्याला साखर आहे. कारखान्यातल्या तपासणीत कळली, तेव्हा तिशीसुद्धा ओलांडलेली नव्हती. घराण्यात कुणाला नाही, दारू नाही, गोडाचं वेड नाही. गावात लोकांना पटायचंच नाही. साखर पोट सुटलेल्या शेठजींना होते, ह्या काडीला कशी झाली, म्हणून हसायचे. तोही हसायचा आणि गोळी घ्यायचा.

माझ्या उपासमारीत एक खिडकी मात्र उघडी होती. कारखान्यात त्याची सकाळची, पहिली पाळी असली की दुपारी परत येताना तो ढाब्याच्या खालच्या वळणावर थांबून मला फोन करायचा. मी शेळीला पाला आणते म्हणून निघायचे. पिरंगुटच्या हातगाडीवरून घेतलेली उकडलेली अंडी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा, कधी केळी, कधी चिक्की. ऐन श्रावणात, आमच्या घरात कांदासुद्धा जपून चिरतात तेव्हा, मी रस्त्याकडेला छत्रीखाली उभी राहून अंडी खात होते आणि तो गाड्यांकडे पाठ करून आडोसा धरायचा. देवाची मी माफी मागायची, पण आधी अंडं संपवायची. पाळी बदलली की मात्र आठवडा-आठवडा काही मिळायचं नाही. मी त्याला म्हणायचे, आईला एकदा सांगा ना, मला पोटभर वाढा म्हणून. तो म्हणायचा, सांगतो. आणि सांगायचा नाही. मला वाटायचं, आईपुढे शेपूट घालतोय.

आठव्याच्या सुरुवातीला तपासणीसाठी पौडला गेलो. आत्याबाई बरोबर होत्याच, तपासणीला त्या कधी एकटीला सोडत नसत. डॉक्टर तरुण होत्या, आवाज मऊ. वजनाचा काटा गेल्या महिन्यापासून जागचा हललेला नव्हता आणि पोटही महिन्यांच्या मानानं लहान होतं. काय खातेस, त्यांनी विचारलं. मी सासूकडे न बघता खरं ते सांगितलं. आत्याबाईंनी नाकारलं नाही. उलट, बाळ लहान राहिलं की सुटका चांगली होते, असं डॉक्टरांनाच समजावायला लागल्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. घरात कुणाला काही आजार आहे का, विचारलं. मी नवऱ्याची साखर सांगितली. त्याचं वय ऐकून, अंगकाठी ऐकून त्या थांबल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, तुमचा मुलगा जन्मला तेव्हा केवढा होता?

आत्याबाईंच्या तोंडावर अभिमान आला. "येवढासा. मांजराच्या पिल्लावानी. तासाभरात मोकळी झाले मी."

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं, अगदी सावकाश. पोटात असताना बाळाला कमी मिळालं तर त्याचं शरीर तिथेच काटकसर शिकतं. जे येईल ते चरबी करून साठवायचं, बाकी अंगाला हात आखडून द्यायचं. ती सवय जन्मभर जात नाही. पुढे माणूस दिसायला बारीक असतो, पण चार घास बरे मिळायला लागले की त्याच्या शरीराला ते पेलत नाहीत, आणि तरुणपणीच साखर नाही तर रक्तदाब गाठतो. सगळ्यांना होतंच असं नाही, कारणं दहा असतात, पण सुरुवातच उपाशीपोटी झाली तर धोका वाढतो. आणि बाळ जरासं भरलं म्हणून बाळंतपण अडत नाही, त्या म्हणाल्या. अडलेल्या बाईचा जीव जातो तो दवाखाना वेळेवर गाठता येत नाही म्हणून. आईचं जेवण तोडणं हा त्यावरचा इलाज नाही.

मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अखेर कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं होतं. बाहेर येताना मी विजयी नजरेनं सासूकडे पाहिलं, आणि माझी ती नजर जागच्या जागी विझली. आत्याबाई भिंतीला हात लावून चालत होत्या.

एरवी परतीच्या वडापमध्ये, माणसांनी भरलेल्या त्या जीपमध्ये, त्यांचं कुणाची सून कुठं, कुणाची म्हैस किती दूध देते, हे सगळं विचारून होतं. त्या दिवशी मांडीवर पिशवी घेऊन नुसत्या बाहेर बघत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्या ताटात दोन अख्ख्या भाकऱ्या वाढल्या, वर तूप घातलं, आणि चुलीपाशी न बसता उठून बाहेर गेल्या. त्या स्वतः जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी शेंगा सोलत होते. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि आपणहून सांगायला लागल्या.

त्यांची थोरली बहीण वरच्या वाडीत दिलेली होती. तिच्या सासरी म्हशी होत्या, दूधदुभतं भरपूर. पहिलटकरीण म्हणून तिला सगळ्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, खाऊ-पिऊ घातलं. कळा सुरू झाल्या त्या आषाढातल्या धुवांधार पावसात. बाळ अडलं. सुईण हरली. झोळी करून तिला चौघांनी खाली रस्त्यापर्यंत आणली, तर पुढे दरड कोसळून रस्ता बंद. आत्याबाई झोळीबरोबर चालत होत्या. बहीण तिथेच गेली, रस्त्याच्या कडेला, आणि बाळही तिच्या पोटातच गेलं. बाळ लई मोठं होतं, सुईण म्हणाली, म्हणून अडलं. तेव्हा आत्याबाईंच्या स्वतःच्या पोटात पाच महिन्यांचं बाळ होतं. म्हणजे माझा नवरा.

"त्या दिसापासनं मी अर्धी भाकर खाल्ली," त्या म्हणाल्या. "भूक लागली की पोटाला फडकं बांधायची. वाटायचं, बाळ बारीक ऱ्हाईल, मी वाचंन."

त्या वाचल्या. म्हणून त्यांना खात्री पटली की त्या अर्ध्या भाकरीनंच वाचवलं. आणि आता तीच अर्धी भाकरी त्या मला देत होत्या, मला मारायला नव्हे, मला वाचवायला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतके दिवस जी बाई मला कैदाशीण वाटत होती, ती रोज माझ्या पोटाकडे बघून आपल्या बहिणीला आठवत होती. मला आता माझी नाही, त्यांचीच दया आली.

"त्याची साखर माज्यामुळं हाय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाल्या ना आत्याबाई, कारणं दहा असतात.

"दहा असतील. त्यातलं येक मी हाय का?"

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या बाईनं आपली बहीण अशी उघडी करून समोर ठेवली, तिच्याशी खोटं बोलवेना. असेल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, शेंगा सोलून संपवल्या, टरफलं गोळा केली. उठताना म्हणाल्या, "त्याला सांगू नगंस."

नवऱ्याची पुन्हा पहिली पाळी लागली आणि मी वळणावर गेले, तेव्हा अंडी हातात घेतली, पण खाल्ली नाहीत. मी नवऱ्याला सरळ विचारलं, हे तुम्ही मला का आणून घालता? डोहाळे म्हणून, तो म्हणाला. मी म्हटलं, मला अंड्यांचे डोहाळे कधीच नव्हते. मग तो गाडीच्या सीटवर बसला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन सांगायला लागला. साखर निघाली तेव्हा तपासणारे डॉक्टर त्यालाही जन्माचं वजन विचारून सगळं समजावून बसले होते. आईनं भीतीपोटी उपास काढले, हे त्यानं लहानपणापासून गावातल्या बायकांच्या तोंडून ऐकलं होतं. दोन्हीची गाठ त्यानं स्वतःच मारली. मला अर्धी भाकरी मिळते हे दिसल्यावर त्याचा जीव तुटत होता. पण आईला थांब म्हणायचं तर का थांब, ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं तर आई उभी राहणार नाही.

"तिला कळू देऊ नगं," तो म्हणाला.

मी हसायलाच लागले. हसता हसता रडायला लागले. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तसं माझं झालं होतं. आई म्हणते मुलाला सांगू नको, मुलगा म्हणतो आईला सांगू नको, आणि दोघांची तोंडं बांधून मी मधे उभी, पोटात तिसरं माणूस घेऊन. मी घाबरटपणा समजले होते ती त्याची माया होती, आणि कंजुषी समजले होते तीही मायाच. मी अंडी खाल्ली आणि गप्प राहिले.

घरी मला आता पोटभर मिळत होतं. भाकरी, नाचणीची आंबील, पालेभाजी, दाण्याची चटणी, वाटीभर दही. पण आत्याबाईंची भीती काही डॉक्टरांच्या बोलण्यानं धुऊन गेली नव्हती. वाढताना त्यांचा हात मधेच थांबायचा. भाकरी माझ्या ताटात पडायची आणि त्यांची नजर माझ्या पोटावर. प्रत्येक घासाबरोबर बाळ वाढतंय, हे त्यांना दिसत होतं, आणि वाढणारं बाळ म्हणजे काय, ते त्यांनी त्या रस्त्यावर पाहिलं होतं. बाई जिवावर उदार होऊन मला जेवू घालत होती म्हणा ना, फक्त जीव माझा होता. भाजी-भाकरीची एवढी दहशत घेतलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी बातमी आली की घाटात कोकणच्या बाजूला दरड उतरली, गाड्या थांबल्यात. आमच्याकडून पौडचा रस्ता चालू होता, काहीच बिघडलं नव्हतं. पण आत्याबाईंनी सकाळी उठून माझी पिशवी भरलेली. चल, भुकूमला सोडते, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, आठवा चाललाय. शेजारच्या काकू तर धावतच आल्या. आठव्यात पोटुशीला हलवतात का, आतापर्यंत असं कुणी केलंय का, उद्या कमीजास्त झालं तर काय तोंड दाखवाल, सगळं बोलून झालं. आत्याबाई पिशवीची गाठ मारत राहिल्या.

"आठवा मोडला तर पाप माजं," त्या म्हणाल्या. "पर ही दवाखान्याजवळ ऱ्हाईल."

जीपवाल्याला हळू चालव, हळू चालव करत त्यांनी त्याला बेजार केलं. भुकूमला पोचल्यावर माझ्या आईच्या हातात नाचणीचं पीठ, तूप आणि दाण्याच्या लाडवांचा डबा दिला, आणि हिला पोटभर घाला, अजिबात कमी करू नका, असं बजावलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. महिनाभर फोनवर मी जी सासू रंगवली होती, तिच्याशी ही बाई कुठे जुळेना. आत्याबाई चहासुद्धा न घेता परत निघाल्या, ढाब्यावर चूल पेटवायची होती. त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. बरं. आणि फोन बंद.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी आईनं त्यांना कळवलं. मी दवाखान्यात पोचून फार वेळ झाला नसेल तोवर त्या येऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. कुणी दिलेला चहासुद्धा घेतला नाही, हे आईनं मला नंतर सांगितलं. मला त्रास झाला, भरपूर झाला, मी ओरडले, डॉक्टरांना बोलले, नवऱ्याला तर फारच बोलले. पण अडलं काही नाही. मुलगी झाली. वजन तीन किलोच्या वर, गालांनी भरलेली.

आत्याबाई आत आल्या. बाळ माझ्या कुशीत होतं, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी मला पाहिलं. माझ्या कपाळावर हात ठेवला, मग गालावर, मग हाताची बोटं एकेक धरून पाहिली, जसं काही मी पुरी आहे का ते तपासत होत्या. मी म्हटलं, आत्याबाई, मी ठीक आहे. तेव्हा कुठे त्यांनी बाळाला उचललं. हात जरा खाली गेले, एवढं वजन त्यांना अपेक्षित नव्हतं.

नवरा शिफ्ट सोडून तसाच आला होता, अंगात कारखान्याचा शर्ट. तो वाकून मुलीचं तोंड बघत होता. आत्याबाईंनी मुलीवरची नजर काढली नाही, आणि मी ज्याची दोन महिने धास्ती घेतली होती ते त्या सरळ बोलून गेल्या.

"तुजी साखर माज्यामुळं हाय. तू पोटात व्हतास तवा मी जेवले न्हाई. मला मरायचं भ्या वाटलं."

मला वाटलं, आता तो नाही नाही म्हणेल, काहीतरी समजूत काढेल. तो खाटेच्या कडेला बसला.

"मला ठावं हाय, आये. लई दिस झालं."

त्यांनी मान वर केली. ठाऊक होतं तर बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारलं की नुसतं बघितलं, मला आठवत नाही. त्यानं उत्तर मात्र दिलं, ते शब्द न् शब्द आठवतं.

"काय बोलू? साखर हाय तर गोळी हाय. तू मावशीवानी गेली असतीस, तर आय कुठनं आनली असती?"

आत्याबाईंनी मुलीला त्याच्या हातात दिलं आणि पदर तोंडाला लावला. बहिणीचं त्या झोळीपाशी जे रडायचं राहून गेलं होतं, आणि मुलाच्या गोळ्यांचं, आणि माझ्या अर्ध्या भाकरीचं, ते सगळं त्या मोठ्यानं रडल्या. मीही रडले. बाहेरून नर्स धावत आली, बाळाला काय झालं म्हणून विचारायला लागली. बाळाला काही झालं नव्हतं. ते दूध पिऊन बापाच्या हातांवर झोपून गेलं होतं.